हा विषय अंबडच्या गाळ्यातलाही आहे

अण्वस्त्रप्रसारबंदी, क्षेपणास्त्रांवरचे निर्बंध असलं काही निघालं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, 'ही सगळी अमेरिकेची दादागिरी.' दुसरा, 'मोठ्यांचे विषय, आपल्याला काय त्याचं?'

पहिल्यात तथ्य आहे. १९९३ मध्ये याच निर्बंधांवर बोट ठेवून रशियाकडून येणारं क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान आपल्याला मिळू दिलं नाही. पण २५ जून २०१६ ला ब्रह्मोस लावलेलं सुखोई नाशकात उडालं, आपली छाती फुगली, आणि दोनच दिवसांनी भारत त्याच क्षेपणास्त्र नियंत्रण गटाचा सदस्य झाला. आता नियम आपलेही आहेत.

दुसऱ्या सुराचा मला राग येतो. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' नावाचं, लिबियाला निघालेलं जहाज इटलीत नेऊन तपासलं. आत युरेनियम समृद्ध करायच्या सेंट्रिफ्यूजचे हजारो सुटे भाग! पाकिस्तानच्या ए. क्यू. खानच्या जाळ्याचा माल. पण बनला कुठे? मलेशियात, शाह आलमच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत. ऑर्डर दुबईतल्या मध्यस्थामार्फत आलेली. कंपनी म्हणाली, आम्हाला वाटलं तेल-गॅसवाल्यांसाठी आहे.

आता खरं सांगा, सातपूर-अंबडमध्ये ड्रॉइंग आलं, ॲडव्हान्स आला, की 'हे लागतं कशाला' असं कोण विचारतं? मी स्वतः जॉबवर्क करतो. मटेरियल, टॉलरन्स, डिलिव्हरी, पेमेंट. यापलीकडे मीही कित्येकदा गेलेलो नाही. गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते, खोटं कशाला बोलू?

आपल्याकडे २००५ पासून यावर कायदा आहे. निर्यातीआधी परवानगी लागणाऱ्या वस्तूंची 'स्कोमेट' यादी आहे, त्यात काही मशीन टूल्स, व्हॉल्व्ह, पंपसुद्धा येतात. यादीत नसलेली वस्तूही अशा शस्त्रांसाठी चाललीय हे माहीत असून पाठवली, तरी गुन्हा. ही यादी वाचलेले माझ्या ओळखीत दोघं आहेत, आणि त्यातला एक सीए आहे.

निर्यात वाढवा म्हणून सेमिनार होतात, जेवण झकास असतं. त्यातला एक तास या यादीला द्या. मराठीत दोन पानं छापा आणि गाळ्यागाळ्यात वाटा. छपाईचा खर्च मी देतो, संघटनेतल्या कुणीतरी फक्त फोन करावा.