जनावरे पकडणारी बाई डॉक्टर झाली तेव्हा

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला आणि आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर सरळ दोन तट पडले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक तेवढी सोडू नका. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितले गेले. या सगळ्या गदारोळात कुत्रा हवा की नको यावर आपण तावातावाने भांडलो. निवाऱ्याच्या आत गेलेल्या जनावराचे काय होते आणि त्याला पकडायला, त्याची घाण काढायला कोण जाते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

म्हणून आम्ही अमेरिकेतील एका पशुवैद्यक बाईंच्या कामाकडे वळतो. त्यांचे काम मुख्यतः मांजरांचे असले तरी त्यातले गणित आपल्याही कामाचे आहे.

डॉ. केट हर्ली यांची सुरुवात १९८९ साली झाली ती जनावरे पकडणाऱ्या कर्मचारी म्हणून. आपल्याकडच्या भाषेत, डॉगव्हॅनवर. डॉक्टरकी नंतर आली. १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील महाविद्यालयातून त्या पशुवैद्यक झाल्या, निवाऱ्यांत नोकरी केली आणि २००१ मध्ये त्याच विद्यापीठात 'शेल्टर मेडिसिन' या विषयाचे निवासी प्रशिक्षण घेणाऱ्या जगातील पहिल्या डॉक्टर ठरल्या. पुढे तिथल्या कोरेट शेल्टर मेडिसिन विभागाच्या त्या संचालक झाल्या.

हा विषय वेगळा का? खासगी दवाखान्यात एक मालक, एक जनावर, एक बिल. निवाऱ्यात मालक नाही, जनावरे शेकडो, आणि एकाची सर्दी उद्या सगळ्यांची. मांजरांच्या सर्दीचेच घ्या. तिच्यामागे अनेकदा हर्पिसचा विषाणू असतो. तो मांजराच्या शरीरात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो. अरुंद पिंजरा, शेजारी भुंकणारी कुत्री, हगण्याची पेटी खाण्याला खेटून, असे असले की कितीही औषध द्या, सर्दी हटत नाही. हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या दोन पिंजऱ्यांमध्ये दार पाडून एका बाजूला खाणे-झोपणे आणि दुसऱ्या बाजूला पेटी ठेवण्याचा आग्रह धरला. म्हणजे औषधाआधी जागा. समाजशास्त्र शिकलेल्या आम्हा मंडळींना हे ओळखीचे वाटते. दहा बाय दहाच्या खोलीतल्या क्षयरोगाबद्दल आपण वेगळे काय सांगतो?

दुसरे गणित दिवसांचे. रोज दहा जनावरे येत असतील आणि प्रत्येक वीस दिवस राहत असेल, तर निवाऱ्यात कायम दोनशे असणार. मुक्काम दहा दिवसांवर आणा, शंभर होतील. इमारत तीच, कर्मचारी तेच. उलट जनावर आत घेतले आणि परत सोडायचेच नाही असे ठरले, तर कुठलीही इमारत पुरणार नाही. निवारे बांधा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

तिथल्या निवाऱ्यांत रस्त्यावरची धडधाकट मांजरे आणली जात, कोणी दत्तक घेत नसे आणि ती मारली जात. हर्ली याच व्यवस्थेत वाढल्या. २०१३ च्या सुमारास त्यांनी उघडपणे भूमिका मांडली की हे थांबवा. पकडली जाणारी मांजरे एकूण संख्येचा छोटा हिस्सा असतात, त्यांना मारून गल्लीतली संख्या घटत नाही. २०१४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या डॉ. ज्युली लेव्ही यांच्यासोबत त्यांनी 'मिलियन कॅट चॅलेंज' सुरू केले. पाच वर्षांत दहा लाख मांजरे वाचवण्याचे लक्ष्य होते, ते मुदतीच्या आत गाठले. त्यातली एक पद्धत साधी: नसबंदी, लस, ओळखीसाठी कानाचे टोक छाटायचे आणि मूळ जागी सोडायचे.

यावर पक्षिप्रेमींचा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. २०१३ च्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यातही बेवारस मांजरांचा वाटा मोठा. दुर्मीळ पक्ष्यांच्या अधिवासात मांजर परत सोडणे आम्हालाही पटत नाही. पण निवाऱ्यात मांजरे मारून पक्षी वाचत होते, असेही दिसले नाही.

आणखी एक नाव तरुणांनी लक्षात ठेवावे. डॉ. लीला मिलर, कृष्णवर्णीय. १९७७ मध्ये कॉर्नेलच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक. ज्या कामाला व्यवसायात मान नव्हता, त्या निवाऱ्यातच त्या राहिल्या. १९९९ मध्ये कॉर्नेलला या विषयाचा पहिला अभ्यासक्रम त्यांनी सहकाऱ्यासोबत शिकवला, २००४ मध्ये त्यावरचे पाठ्यपुस्तक संपादित केले. २०१४ मध्ये तिकडे या विषयाला स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळाली.

आपल्याकडे डॉगव्हॅनवर कोण असते, हे वस्तीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. बहुतेक कंत्राटी, बहुतेक आपलेच. त्यांच्यापैकी कोणाच्या मुलीने नागपूरच्या किंवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर तिला गायी-म्हशी आणि पाळीव कुत्र्यांपलीकडचा हा विषय माहीत असायला हवा. आणि तोवर प्रभागाच्या बैठकीत आपण निदान एवढे विचारू शकतो: केंद्रात रोज किती जनावरे येतात, किती दिवस राहतात, आणि पकडणाऱ्या कामगारांना चावा बसण्याआधीची रेबीजची लस दिली आहे का? अशा जोखमीच्या कामासाठी ती लस जागतिक आरोग्य संघटनेनेच सुचवलेली आहे.