उपवेशन आणि बाळाची खुर्ची

'बाळासाठी खुर्ची कोणती घ्यावी?' हा प्रश्न अलीकडे पालक वैद्यांनाही विचारू लागले आहेत. पुष्कळ वैद्यबंधू 'हा आपला विषय नव्हे' असे म्हणून तो टाळतात. आमच्या मते हा कौमारभृत्याचाच विषय आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, बालकास बसवू नये, कौब्ज्याचे भय असते, असे म्हटले आहे. संदर्भ पाहता हा निषेध बसण्यास असमर्थ अशा बालकापुरता आहे, हे उघड आहे. अष्टांगसंग्रहकारांनी पाचव्या महिन्यात भूमीवर उपवेशन सांगितले, तर काश्यपसंहितेत ते सहाव्या महिन्यात, सारवलेल्या चार हात जागेत, भोवती खेळणी मांडून करावयास सांगितले आहे. त्याच ठिकाणी अति-उपवेशनाचे दोषही दिले आहेत: कटिदौर्बल्य, पृष्ठभंग, श्रम, ज्वर, आणि मलमूत्रवातांच्या अवरोधामुळे आध्मान. उपवेशन हा संस्कार आहे, दिवसभराची बैठक नव्हे. 'पाचवा लागला, आता बसवा' म्हणून बाळाला उशांच्या कोंदणात तासन्‌तास बसविणाऱ्यांनी शास्त्राचा अर्धाच भाग ऐकलेला असतो.

शिवाय महिना हा काही एकमेव निकष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार निरोगी बालके आधाराविना बसू लागण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने इतका विस्तृत आहे. म्हणून पंचांग न पाहता बालकाची मान, पाठ आणि तोल पाहावा.

जमिनीवर ठेवावयाच्या स्पंजच्या खोलगट बैठका 'बाळ लवकर बसते' असे सांगून विकल्या जातात. त्यांत कंबर रुतते, पाठीला बाक येतो आणि बालकाला हालचालच करता येत नाही. बसण्याचे बल येते ते पालथे पडून, कलंडून, पुन्हा सावरून. त्यासाठी सतरंजी पुरते आणि ती घरात असतेच.

उंच खुर्चीला, म्हणजे हाय चेअरला, मात्र आमचा विरोध नाही. पाय लांब करून त्यांवर बाळाला उताणे घेऊन पेज भरविण्याची जुनी रीत घरोघरी आहे; ठसका लागण्याच्या दृष्टीने ती घातकच होय. ताठ बसून, घरच्या मंडळींच्या पंगतीत जेवणे हे केव्हाही श्रेयस्कर. फक्त बाळ स्वतः स्थिर बसू लागल्यावरच खुर्ची आणावी. तिचे पाय खाली फाकलेले असावेत. कमरेच्या पट्ट्याबरोबर दोन्ही मांड्यांमधून येणारा पट्टाही असावा, नाहीतर बाळ खाली घसरते. पाय टेकावयास फळी हवी, आणि ती वाढत्या वयानुसार खाली सरकविता यावी. लोंबकळत्या पायांनी बसलेले मूल चुळबूळ करते, जेवणात लक्ष राहत नाही; आणि आई म्हणते, अग्निमांद्य झाले, काही चाटण द्या! खुर्ची भिंतीपासून व टेबलापासून इतकी दूर ठेवावी की पायाने रेटून ती उलटणार नाही. बाळाला तिच्यात एकटे सोडू नये.

काळाची मर्यादा महत्त्वाची. एक वर्षाखालील बालकाला एका वेळी एक तासाहून अधिक बांधून ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले. त्यात हाय चेअरचाही उल्लेख आहे. आम्ही तर जेवण संपताच उतरवा, असेच सांगतो.

राहता राहिला चाकांचा वॉकर. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. वॉकरमध्ये ते टांगलेले असते आणि जिन्यापर्यंत क्षणात पोहोचते. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र तो काही औषधविक्रेत्यांच्या दारातही टांगलेला दिसतो. त्यावर मिळणारा नफा किरकोळ असतो. तो सोडून द्यावा, अशी औषधालयचालक बंधूंना आमची विनंती आहे. जो ग्राहक हटून मागेल त्याला निदान घरात जिना वा उंबरठा आहे का, एवढे विचारावे.