बैलाची चाल वैरणीप्रमाणे, चिपची चाल व्होल्टेजप्रमाणे



हल्ली बऱ्याच वस्त्यांवर घरच्या शिकत्या मुलाने जोडलेला ठिबकचा टायमर दिसतो. आर्डुइनोची चिप, लिथियमचा सेल आणि वर सौर पॅनेल. ऊन असते तोवर काम चोख. आभाळ भरून आले, की व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहतो, नाहीतर पाळी चुकते. दर वेळी दोष प्रोग्रॅमचाच असतो असे नाही. चिपचा वेग आणि व्होल्टेज यांचा मेळ बसलेला आहे का, तेही पाहा.

अर्धपोटी बैल सावकाश चालेल. पळवलात तर ठेचकाळेल. चिपचेही तसेच आहे. आर्डुइनोत सर्रास असणाऱ्या अ‍ॅटमेगा ३२८पी या चिपला २० मेगाहर्ट्झ वेगासाठी निदान ४.५ व्होल्ट लागतात, १० साठी २.७ आणि ४ साठी १.८. या हिशेबाने नेहमीच्या १६ मेगाहर्ट्झला सुमारे ३.८ व्होल्ट हवेत. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, पण उतरता उतरता ३ वर येतो. सेल चिपला थेट जोडला असेल, तर शेवटी वीज अपुरी पडते. तेव्हा चिप सरळ बंद पडली तर बरे. ती चालू राहून भलतेच काही करते. साठवलेले पाळ्यांचे वेळापत्रकही बिघडू शकते.

यावर उपाय असे :

१. वेग ८ मेगाहर्ट्झ ठेवा. त्याला २.४ व्होल्ट पुरतात. मिनिटे मोजायला एवढा वेग भरपूर झाला, शिवाय सेलही जास्त टिकतो. मात्र प्रोग्रॅम भरताना ८ मेगाहर्ट्झचाच बोर्ड निवडा. १६ चा निवडलात, तर अर्ध्या तासाचे पाणी तासभर चालेल.

२. ‘ब्राउन-आउट’ ही सोय २.७ व्होल्टवर लावा. व्होल्टेज त्याखाली गेले की चिप थांबून राहते, चुकीचा हुकूम देत नाही. व्हॉल्व्हही वीज गेल्यावर आपोआप मिटणारा घ्या.

३. चिपला ५.५ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडलीत, तर चिप जळेल.

मुलाला दोनच गोष्टी विचारा : चिपचा वेग किती, आणि सेल उतरल्यावर व्होल्ट किती उरतात? या दोन्हींचा मेळ बसत असेल, तर बाग टायमरवर सोपवायला हरकत नाही.