पॉइंट नको, पण सहल आवर!

‘मला सहलीला यायचं नाही’ असं म्हणणारा माणूस आमच्या सांगलीत आधी आजारी, मग कंजूष आणि शेवटी विक्षिप्त ठरतो. मी तिन्ही ठरून बसलो आहे, त्यामुळे आता उघडच लिहितो. बोटीच्या प्रवासात प्रत्येक बंदरावर ‘शोअर एक्स्कर्शन’ नावाच्या ज्या सहली विकतात, त्यांतल्या निम्म्या तरी माणसाला काही दिसू नये म्हणूनच काढलेल्या असतात. ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी आमच्या विहीणबाईंशी बोलावं. त्यांनाही पटलेलं नाही.

मुलीचा सिएटलहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा सांगलीत मे महिना होता. विश्रामबागेतल्या आमच्या घरात पंखा गरम हवा ढवळत होता. साताऱ्याचे व्याही-विहीणबाई कंदी पेढे घेऊन आले होते, आम्ही भडंग काढलं होतं, आणि चौघं घाम पुसत बर्फाची चर्चा करत होतो. मुलगी-जावयानं आम्हा चौघांचं अलास्काच्या बोटीचं तिकीट काढलं होतं. ‘‘बाबा, एक्स्कर्शन्स आत्ताच ठरवा, नंतर मिळत नाहीत,’’ असं म्हणून मुलीनं यादी पाठवली.

यादी कसली, लग्नाच्या पंगतीतलं ताटच ते! हिमनदी हेलिकॉप्टरमधून बघा. हिमनदीवर चाला. हिमनदी बोटीतून बघा. कुत्र्यांच्या गाडीत बसा. देवमासे बघा. लाकूडतोड्यांचा खेळ बघा. सोनं चाळा. ‘सोनं’ म्हटल्याबरोबर विहीणबाईंनी चष्मा लावला. आमची ही म्हणाली, ‘‘अहो, इतक्या लांब जायचं तर सगळंच बघू या की!’’

या ‘सगळंच’वर माझा राग आहे, आणि तो जुना आहे. पंचवीस वर्षांपूर्वी महाबळेश्वरला एका टॅक्सीवाल्यानं आम्हाला एका दिवसात दहा पॉइंट दाखवले होते. विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, ऑर्थर सीट... गाडी थांबली की ‘‘पाच मिनिटं, साहेब!’’ अशी आरोळी. ऑर्थर सीटला तर नुसतं धुकं होतं. तरी आम्ही त्या धुक्यापुढे रांगेत उभं राहून फोटो काढला. आजही अल्बममध्ये त्याखाली ‘ऑर्थर सीट’ लिहिलेलं आहे. फक्त तो आमच्या मोरीत काढलेला नाही, याला पुरावा काही नाही.

आमचे व्याही एस. टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी रेघांची वही काढून चार बंदरांचं वेळापत्रकच आखायला घेतलं. जहाज बंदराला लागणार किती वाजता, सुटणार किती वाजता, मधे सहली किती बसतात. एका दिवसात तीन बसवल्या! जेवणाला सतरा मिनिटं. मी म्हटलं, ‘‘अहो राव, आपण बघायला चाललोय की डेपो तपासायला?’’

‘‘साहेब, जहाज चुकलं तर?’’ ते म्हणाले.

ह्या प्रश्नावरच सगळा धंदा उभा आहे. बोटीवाल्यांची सहल घेतली आणि तिला उशीर झाला, तर जहाज थांबतं. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर झाला, तर धक्क्यावर उभं राहून जहाजाला हात करायचा. खरं तर जहाज सुटायच्या दीड-दोन तास आधी परत येणाऱ्याला कसली भीती? पण ही भीती छापील यादीत प्रत्येक सहलीमागे उभी असते, आणि तिच्यासाठी माणूस जादा डॉलर मोजतो. डॉलरला रुपयानं गुणू नये असं जावई म्हणतात. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं आहे.

दुसरं असं, की हिमनदी आणि डोंगर बघायला निघालेली बोट त्या डोंगरांतूनच चाललेली असते. डेकवर खुर्ची टाकून बसावं, ते फुकट आहे. पण बर्फाच्या कड्यापुढे जहाज उभं राहिलं त्या दिवशी निम्मे लोक खोल्यांत पाय शेकत पडले होते. आदल्या दिवशी त्यांनी दोन-दोन सहली केल्या होत्या ना!

आणि त्या गावांचं काय होत असेल? स्कॅगवे हे हजार-बाराशे वस्तीचं गाव. तिथं एका दिवसात जहाजांतून कित्येक हजार माणसं उतरतात. जुनो ही अलास्काची राजधानी. तिथल्या लोकांनी शेवटी जहाजवाल्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं येऊ द्यायची ठरवली. कासला फुलांच्या हंगामात माणसं मोजून सोडावी लागतात, तसंच. आपण गर्दी बघायला जातो आणि गर्दी म्हणूनच परत येतो.

केचिकनची तर गंमतच. तिथं वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो, हे आम्हाला अभिमानानं सांगण्यात आलं. व्याही सातारकर. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘‘आमच्या महाबळेश्वरला दोनशेच्या वर पडतो.’’ गाईडनं विषय बदलला. लाकूडतोड्यांचा खेळ मात्र आम्ही चुकवला. कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसाला तिकीट काढून टाळ्या वाजवायच्या, हे आमच्या कुणाच्याच पचनी पडेना.

आता मी काही अगदीच आडमुठा नाही. जे आपल्या पायांनी होत नाही ते पैसे देऊन घ्यावं, एवढंच माझं म्हणणं. हिचे गुडघे दुखतात, म्हणून स्कॅगवेची आगगाडी मीच घ्यायला लावली. १८९८ साली सोन्याच्या मागे धावणाऱ्यांसाठी ही लाइन टाकायला घेतली आणि १९०० साली पुरी केली. रूळ तीन फुटी. वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढते. खिडकीतून खाली बघताना मला आमची मिरज-लातूर बार्शी लाइट आठवली. ती तर अडीच फुटीच! ब्रॉडगेज होऊन तीही गेली. सबंध प्रवासात कुणी ‘‘पाच मिनिटं, साहेब’’ म्हणालं नाही. ही सहल चांगली. देवमाशांची सहलही चांगलीच असणार, कारण दोघी बायका ती करून आल्यापासून दुसरं बोलत नाहीत. तिथं मी हरलो, हे कबूल.

पण जुनोचा तो दिवस मी जिंकला असं मला वाटतं. दोघी देवमाशांकडे गेल्या. व्याह्यांनी हट्टानं घेतलेलं हेलिकॉप्टर धुक्यामुळे रद्द झालं, पैसे परत. तेव्हा आम्ही दोघं धक्क्यावरून सुटणाऱ्या साध्या बसनं मेंडेनहॉल हिमनदीकडे गेलो. पुढं एक मोठं तळं, पलीकडे निळसर बर्फ. तिथं माहिती मिळाली ती अशी, की हे तळं मुळी नव्हतंच. १९२९च्या सुमाराला बर्फ मागं सरकायला लागला आणि त्या जागी पाणी साचलं. बर्फ तेव्हापासून पावणेदोन मैल मागं गेला. ‘‘म्हणजे हे तळं आमच्या आयर्विन पुलाच्या वयाचं!’’ मी म्हटलं. व्याही काही बोलले नाहीत. पाण्याकडे बघत उभे राहिले.

मला दिवाळीतली गोष्ट आठवली. वासोट्याला जायला त्यांनी आम्हाला बामणोलीहून लाँचमध्ये बसवलं होतं. लाँचवाला इकडं हे, तिकडं ते असं बोट दाखवत होता, आणि व्याही एकटेच कडेला पाण्यात बघत बसले होते. मला वाटलं, लाँच लागली असावी. मी खिशातली आवळासुपारीसुद्धा पुढं केली होती.

‘‘आमचं आजोळ शिवसागराखाली आहे,’’ ते आता म्हणाले. ‘‘कोयनेचं धरण झालं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मामा लोकांना तुमच्या सांगली जिल्ह्यात जमिनी दिल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावांच्या खुणा वर येतात. मी दोनदा जाऊन आलो. घर कुठलं, ते काही ओळखू आलं नाही.’’

‘‘लाँचवाल्यानं सांगितलं नाही ते.’’

‘‘त्याच्या यादीत नाही ते, साहेब.’’

मग आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. मागं बसचा हॉर्न वाजला. मी घाईनं म्हटलं, ‘‘अहो, बस निघाली.’’

‘‘जाऊ द्या की. दुसरी येतीय.’’

एस. टी.चा वाहतूक नियंत्रक बोलत होता हे! घड्याळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

जहाजावर पोचलो तेव्हा दोघी आमच्या आधी येऊन चहा पीत होत्या. त्यांना तीन देवमासे दिसले होते, एकाची शेपटी तर पूर्ण वर आली होती. विहीणबाईंनी विचारलं, ‘‘आणि तुम्ही काय बघितलंत एवढा वेळ?’’

‘‘पाणी,’’ व्याही म्हणाले.

‘‘अगंबाई! ते तर बामणोलीलाही होतं की!’’