उत्तरेचा ‘स्वभाव’ कोणी घडवला? इंग्लंडमधील एका जुन्या दुभंगाविषयी

#थ्रेड #इतिहास

१/ इंग्लंडच्या नकाशावर उत्तर आणि दक्षिण यांना विभागणारी कोणतीही अधिकृत रेषा नाही. इंग्रजांच्या मनात मात्र ती पक्की आहे. उत्तरेचा माणूस म्हणजे रांगडा, फटकळ, काटक, पण शिक्षणात आणि शिष्टाचारात मागे. दक्षिणेचा म्हणजे सुसंस्कृत आणि सुखवस्तू, पण नाजूक आणि आढ्यताखोर. विनोदांपासून निवडणुकांपर्यंत सर्वत्र या साचेबद्ध प्रतिमा वापरल्या जातात.

२/ या थ्रेडमध्ये मला एकच मुद्दा मांडायचा आहे. प्रदेशाचा म्हणून जो ‘स्वभाव’ सांगितला जातो, तो बहुतेकदा राजसत्ता आणि पैसा यांनी घेतलेल्या निर्णयांचा परिणाम असतो. परिणामाला एकदा स्वभाव म्हटले, की निर्णय घेणारे नजरेआड होतात आणि पुढचा निर्णय घेणे आणखी सोपे जाते. हे पडताळण्यासाठी टाइन नदीच्या दक्षिण तीरावरील जॅरो या छोट्या गावाकडे आपण दोनदा जाऊ.

३/ आधी त्या रेषेविषयी. आठव्या शतकात हंबर नदीच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक असा भेद केला जाई. मध्ययुगात राजाच्या अरण्यांचा कारभार ट्रेंट नदीच्या अलीकडे आणि पलीकडे असा विभागला गेला. आजचे भूगोलज्ञ सेव्हर्न नदीच्या मुखापासून वॉशच्या आखातापर्यंत तिरकी रेषा ओढतात. लंडनकरांच्या थट्टेत उत्तर ‘वॉटफर्ड गॅप’पासूनच सुरू होते, आणि ही खिंड लंडनजवळच्या वॉटफर्ड शहरापासून बरीच दूर, नॉर्थॅम्प्टनशरमध्ये आहे, हे अनेकांना ठाऊकही नसते. रेषा कोठे पडते हे ती ओढणाऱ्याच्या सोयीवर ठरत आले आहे.

४/ आता आठव्या शतकातील जॅरो. येथील मठात बीड नावाच्या भिक्षूने ७३१ मध्ये इंग्रज लोकांचा धर्म-इतिहास पूर्ण केला. आरंभीच्या इंग्लंडविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या एका ग्रंथावर उभा आहे. येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत रूढ करण्यातही बीडचा वाटा मोठा आहे. आपण आज ‘इसवी सन’ लिहितो, त्यामागे उत्तर इंग्लंडमधील या मठाचेही ऋण आहे.

५/ वेअरमथ आणि जॅरो या जोडमठात बायबलच्या तीन भव्य प्रती तयार झाल्या. त्यांपैकी एक ७१६ मध्ये पोपला भेट म्हणून रोमकडे निघाली. ती आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. व्हल्गेट या लॅटिन बायबलची ती सर्वांत जुनी संपूर्ण प्रत होय. तिच्या अर्पणपत्रिकेतील नाव कोणीतरी खोडून बदलल्यामुळे ती कित्येक शतके इटालियन कारागिरी मानली गेली. ती नॉर्थम्ब्रियाची आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. शार्लमेनच्या दरबारात विद्येची घडी बसवणारा अल्क्विन हासुद्धा उत्तरेतील यॉर्कचाच. त्या काळी युरोपला विद्वान पुरवणारी भूमी उत्तरेची होती.

६/ मग हे चित्र पालटले कसे? ७९३ पासून व्हायकिंगांचे हल्ले सुरू झाले. पुढे इंग्लंडचे एकीकरण दक्षिणेतील वेसेक्सच्या राजांनी केले आणि सत्तेचे केंद्र दक्षिणेत स्थिरावले. त्यानंतर १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यम द कॉन्कररने उत्तरेतील बंड चिरडताना गावे, धान्य आणि गुरेढोरे नष्ट केली. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत यॉर्कशरमधील असंख्य गावांपुढे ‘उजाड’ असा शेरा आढळतो. त्या शेऱ्याचा नेमका अर्थ काय यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण संहार झाला याविषयी दुमत नाही.

७/ या घटनेनंतर साधारण अर्ध्या शतकाने, ११२५ च्या सुमारास, दक्षिणेतील माम्सबरी येथील विल्यम हा भिक्षू लिहितो की, उत्तरेकडील, विशेषतः यॉर्कची बोली इतकी कर्कश आहे की आम्हा दक्षिणेकडच्यांना ती समजत नाही. उत्तरेच्या भाषेविषयीच्या तक्रारींपैकी ही अगदी सुरुवातीची. तो कारणेही देतो : ते लोक रानटी जमातींच्या शेजारी राहतात आणि राजांपासून दूर आहेत. पुढे हिग्डेनने हेच विधान उचलले आणि १३८७ मध्ये ट्रेव्हिसाने ते इंग्रजीत आणले. राजे दक्षिणेतच अधिक राहतात, कारण तेथे सुपीक जमीन, मोठी शहरे आणि बंदरे आहेत, असा खुलासाही तेथे आहे.

८/ हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. ज्या लेखनात साचेबद्ध प्रतिमा प्रथम दिसते, त्याच लेखनात तिचे कारणही नोंदलेले आहे : राजा जेथे राहतो, तेथली बोली प्रमाण. पुढच्या शतकांनी निष्कर्ष जपला आणि कारण टाकून दिले. १५८९ मध्ये पटनमने कवींना सल्ला दिला की दरबाराची आणि लंडनच्या भोवतालच्या ६० मैलांतील भाषा वापरावी, ट्रेंटपलीकडची टाळावी. गंमत अशी की उत्तरेची बोली मूळ सॅक्सन इंग्रजीला अधिक जवळची आहे, हे तो स्वतःच मान्य करतो.

९/ साहित्याने या प्रतिमेशी खेळही केला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने एका कथेत दोन तरुणांच्या तोंडी उत्तरेची बोली घातली आणि हशा पिकवला. पण ते दोघे केंब्रिजचे विद्यार्थी आहेत आणि शेवटी लबाड गिरणीवाल्यावर तेच मात करतात. उलट यॉर्कशरमधील वेकफिल्डच्या एका धार्मिक नाटकात मेंढ्या चोरणारा मॅक राजाचा अधिकारी असल्याचे सोंग घेऊन दक्षिणी बोली बोलू लागतो, तेव्हा मेंढपाळ त्याची टर उडवतात. थट्टा दोन्ही बाजूंनी होत होती, पण शासनाची भाषा एकाच बाजूची होती.

१०/ ‘उत्तरेकडचे लोक शिक्षणात मागे’ या आरोपाचेही असेच. इंग्लंडमध्ये शतकानुशतके विद्यापीठे दोनच होती, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, आणि दोन्ही दक्षिणार्धात. १६५७ मध्ये क्रॉमवेलने डरहॅम येथे महाविद्यालयाला मंजुरी दिली. त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळू नये म्हणून ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी विरोध केला. राजेशाही परतल्यावर ते महाविद्यालय संपले. डरहॅमला विद्यापीठ मिळाले ते १८३२ मध्ये. पावणेदोनशे वर्षांचा हा विलंब कोणाच्या स्वभावातून आला नव्हता.

११/ एकोणिसाव्या शतकात तर सारे चित्र उलटले. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि जगभरातून लोक भविष्यकाळ पाहायला मँचेस्टरला येऊ लागले. या शहराला १८३२ पर्यंत संसदेत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्याच वेळी दक्षिणेतील ओल्ड सॅरम या जवळपास निर्जन टेकडीला दोन होते. प्रतिनिधित्वाच्या मागणीसाठी १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारे ६० हजार लोक जमले. त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले आणि किमान १५ जण मृत्युमुखी पडले. ती पीटरलूची कत्तल.

१२/ संपत्ती उत्तरेत निर्माण होऊ लागली, तशी जुनी प्रतिमा नव्या वेशात आली. पूर्वीचा ‘रानटी’ उत्तरवासी आता धुराने काळवंडलेला, पैशामागे लागलेला, अभिरुचिहीन ठरला. १८५४ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात एलिझाबेथ गॅस्केल यांची कादंबरी क्रमशः सुरू झाली. लेखिकेच्या मनात नायिकेचेच नाव शीर्षक म्हणून होते. ‘नॉर्थ अँड साउथ’ हे शीर्षक डिकन्सच्या आग्रहाने आले. एका मुलीची कथा अशा रीतीने दोन प्रदेशांच्या सामन्याचे नाव घेऊन बाजारात गेली.

१३/ याच लँकेशरचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस थांबला आणि गिरण्या बंद पडल्या. कापसाचे भाव चढल्याने मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. इकडे लँकेशरमध्ये लाखो लोक मदतीवर जगत होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमधील कामगारांच्या सभेने गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यासाठी लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले आणि लिंकन यांनी त्याला उत्तरही दिले. सर्व गिरणगावे या मताची नव्हती. पण ‘अडाणी’ म्हणून हिणवलेली माणसे पोटाला चिमटा बसत असताना जागतिक प्रश्नावर नैतिक भूमिका घेत होती.

१४/ येथे एक रास्त आक्षेप येतो : भूगोलाचे काय? दक्षिणेची माती सुपीक, उत्तरेत डोंगर आणि पाऊस अधिक. कोळसा मात्र उत्तरेत मुबलक. भूगोल खरा आहेच. पण त्याच भूगोलात आठव्या शतकात ग्रंथालये उभी राहिली, अकराव्या शतकात उजाड गावे दिसली आणि एकोणिसाव्या शतकात कारखाने आले. डोंगर जागचे हलले नव्हते, म्हणून या बदलांचे कारण केवळ डोंगर असू शकत नाहीत.

१५/ आता पुन्हा जॅरो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथे पामर्स कंपनीची जहाजगोदी उभी राहिली आणि गाव तिच्यावर जगू लागले. महामंदीत जहाजबांधणी कंपन्यांनीच एक संस्था काढली. तिचे काम ‘जादा’ गोद्या विकत घेऊन बंद करणे. पामर्सची गोदी तिने घेतली आणि त्या जागेवर पुढील ४० वर्षे जहाज बांधता येणार नाही, अशी अट घातली. म्हणजे गावाची बेकारी करारात लिहिलेली होती. जॅरोच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी १९३९ मध्ये या गावावर पुस्तक लिहिले, तेव्हा शीर्षकातच गावाचा खून झाल्याचे म्हटले.

१६/ ५ ऑक्टोबर १९३६ रोजी जॅरोहून सुमारे २०० पुरुष लंडनकडे पायी निघाले. सोबत ओकच्या पेटीत ११ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज होता. जवळपास ४५० किलोमीटर चालून ३१ ऑक्टोबरला ते पोहोचले. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. अर्ज संसदेत सादर झाला आणि विषय संपला. परतल्यावर त्यांचा त्या दिवसांचा बेकारी भत्ता कापला गेल्याचे त्यांना कळले, कारण चालत असताना ते ‘कामासाठी उपलब्ध’ नव्हते.

१७/ पुढच्याच वर्षी ऑर्वेलने विगनवरील पुस्तकात या प्रादेशिक अहंकाराचा समाचार घेतला. उत्तरेतील माणूसही स्वतःविषयी ‘आम्ही खरे, कणखर, ते ऐतखाऊ’ अशी प्रतिमा जोपासतो, हे त्याने नेमके टिपले. मला वाटते, ही स्तुतीही तितकीच घातक आहे. ‘ते काटक आहेत’ असे म्हटले की ‘ते सोसतील’ हे पुढचे वाक्य आपोआप येते. कौतुकाच्या भाषेतही उपेक्षा लपू शकते.

१८/ साचेबद्ध प्रतिमेची किंमत किती जबर असू शकते, हे १५ एप्रिल १९८९ ने दाखवले. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या आज ९७ आहे. चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर छापले की चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले आणि पोलिसांवर लघवी केली. ‘लिव्हरपूलचे लोक तसेच’ ही प्रतिमा आधीपासूनच तयार होती, म्हणून देशातील अनेकांनी हे सहज मानले.

१९/ २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिले की पोलिसांच्या १६४ जबान्या बदलण्यात आल्या होत्या आणि त्यांपैकी ११६ मधून पोलिसांवरील टीका काढून टाकली होती. २०१६ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, ज्यूरीने निर्णय दिला : मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. ते पोलीस दक्षिणेचे नव्हते. साउथ यॉर्कशरचे, म्हणजे उत्तरेचेच होते. साचेबद्ध प्रतिमा ज्याला गरज असेल त्याच्या हाती लागते. ती वापरण्यासाठी दक्षिणेत जन्म घ्यावा लागत नाही.

२०/ ‘उत्तर गरीब, दक्षिण श्रीमंत’ हे समीकरणही अपुरेच. उत्तरेत हॅरोगेटसारखी संपन्न गावे आहेत. दक्षिणेत कॉर्नवॉल आणि लंडनच्या काही वस्त्यांत खोल दारिद्र्य आहे. म्हणून माझी भूमिका ‘उत्तर बिचारी’ अशी नाही. लंडनमधील गरीब भाडेकरू आणि जॅरोचा बेकार कामगार यांना एकमेकांचे विरोधक ठरवणारी भाषा संशयाने वाचावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

२१/ ४ ऑक्टोबर २०२३ रोजी अतिजलद रेल्वेचा मँचेस्टरपर्यंतचा टप्पा रद्द झाल्याची घोषणा पंतप्रधान सुनक यांनी केली, तीही मँचेस्टरमध्येच. काही दशकांनी उत्तरेची अर्थव्यवस्था मागे का, असे कोणी विचारेल आणि कोणी ‘तेथल्या माणसांची वृत्ती’ असे उत्तर देईल. त्या वेळी ही तारीख हाताशी असावी.

२२/ इतिहास वाचणाऱ्याने ‘त्या भागातले लोक असेच’ हे विधान ऐकताच तीन प्रश्न विचारावेत : हे प्रथम कोणी म्हटले? तेव्हा सत्ता कोठे होती? आणि ते मानल्याने कोणाचा कोणता निर्णय सोपा झाला? एकाच जॅरोत बीडचा ग्रंथही लिहिला गेला आणि गोदीला कुलूपही लागले. दोन्ही वेळी टाइनचे पाणी तेच होते.

(थ्रेड समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडा, मात्र सन आणि प्रसंग देऊन.)