मागेल त्याला काम : पूर्वपक्ष आणि उत्तर

लोककल्याणाच्या सरकारी योजनांविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात जी तुच्छताबुद्धी रूढ झाली आहे, तिचा पाया तपासून पाहावयाचा तर महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेसारखे उदाहरण दुसरे नाही. कारण ती आपल्या डोळ्यांदेखत जन्मली, वाढली, रोडावली, आणि तरीही 2005 मध्ये संसदेने सबंध देशासाठी कायदा केला तेव्हा नमुना म्हणून तिच्याकडेच पाहावे लागले. पूर्वपक्ष असा : फुकटाच्या पैशाने माणूस आळशी होतो, हजेरीपटावर खोटी नावे चढतात, पहिल्या पावसात वाहून जाणाऱ्या मातीवर खजिना रिता होतो, आणि शेतावर मजूर मिळेनासा होऊन बागाईतदार नाहक नाडला जातो. हे आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट नसतात, काही तर माझे स्नेही आहेत. म्हणून त्यांची दखल घेणे अगत्याचे आहे.

आळसाचा आक्षेप आज कोणाच्या डोक्यातून निघाला असे नव्हे. त्याचे वय फार मोठे आहे. इंग्लंडात 1834 च्या गरिबांविषयीच्या कायद्याने ठरवून टाकले की अनाथगृहवजा कामगृहात येणाऱ्याची स्थिती बाहेरच्या अत्यंत हीन मजुराहूनही वाईट असली पाहिजे, म्हणजे नड खरी असल्याशिवाय कोणी दार ठोठावणार नाही. हाच न्याय 1877 मध्ये आपल्याकडे अवतरला. दुष्काळाच्या पाहणीसाठी हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून निघालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड एवढ्यावर धडधाकट पुरुषाला राबवण्याची तजवीज केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो उपाशी मजुरांनी कामावर जाणेच नाकारले, आणि न्यायमूर्ती रानडे व गणेश वासुदेव जोशी ह्यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची दाद सरकारदरबारी मांडली. उपाशी माणूस आळशी असता तर त्याने मिळेल ते पौंडभर धान्य निमूटपणे घेतले असते. त्याने नकार दिला, कारण ती मजुरी नव्हती, अपमान होता.

शिवाय रोजगार हमीत कसोटी वेगळी लावावी लागत नाही, ती कामातच आहे. वैशाखाच्या उन्हात टिकावाने मुरूम खणून पाटीने वाहणे आणि मापावर मोबदला घेणे, हा ज्याला चैनीचा उद्योग वाटतो त्याने एक दिवस तो करून पाहावा, एवढेच आमचे नम्र निवेदन आहे. गावात दुसरे काम असले की माणूस इकडे फिरकत नाही. म्हणूनच चैत्र-वैशाखात हजेरीपट भरतो आणि मृगाच्या सरी पडून पेरणी सुरू झाली की ओसरतो. आळशी माणसे ऋतू पाहून आळशी होतात, असा सिद्धांत अद्याप कोणी मांडलेला नाही.

खोट्या नावांविषयी मी वाद घालणार नाही. ती असतात, आणि ती चढवणारा हात बहुधा मजुराचा नसतो, मुकादमाचा किंवा कारकुनाचा असतो. पण त्या न्यायाने रस्ते, पूल आणि कालवे हेही बंद करावे लागतील.

वाहून गेलेल्या मातीचा मुद्दा मात्र अधिक विचारार्ह आहे. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती; मिलो ह्या आयात तांबड्या ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन त्यांनी फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे रस्त्याकडेला तसेच पडून होते. हा मेहनतीचा अपव्यय दुष्काळाआधीच ओळखून, 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी जो प्रयोग आरंभिला, त्याचे मर्म हेच होते की संकटाची वाट न पाहता मजुराला उत्पादक काम द्यावे : पाझर तलाव, नालाबांध, जमिनीची सपाटी, वनीकरण. 1977 मध्ये त्यातून निघालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. निधीसाठी शहरी नोकरदार व व्यावसायिक ह्यांच्यावर व्यवसाय कर बसवून तितकीच भर सरकारने घालण्याची सोय झाली. मुंबईच्या पगारदाराने मराठवाड्यातल्या नालाबांधाला हातभार लावावा, ही कल्पनाच मला अनेक भाषणांपेक्षा मोलाची वाटते. नीळकंठ रथ ह्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने गरिबाला कर्जाऊ गाय-म्हैस देण्याच्या योजनांपेक्षा अशा कामालाच कौल दिला, तो उगाच नव्हे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पाझर तलावाने ज्या विहिरींचे पाणी वाढले त्या विहिरी बहुतांशी जमीनदारांच्या होत्या. 1990 पासून ह्याच योजनेखाली ज्या फळबागा उभ्या राहिल्या, त्यांतील झाडे सातबारा असलेल्याच्या मालकीची झाली. भूमिहीनाने खणले आणि पाणी दुसऱ्याला लागले, ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचा निष्कर्ष योजना बंद करा असा निघत नाही. पाण्यात मजुरालाही वाटा द्या, असा निघतो. आणि बागाईतदाराची जी तक्रार, की मजुरी वाढली, ती तर मला तक्रार न वाटता साक्ष वाटते. पडेल त्या दराने राबण्याला ज्याच्यापाशी पर्याय नव्हता त्याला तो मिळाला, एवढाच तिचा अर्थ. ह्याच कामांवर बायकांची संख्या नेहमी मोठी राहिली, आणि काम मापून मजुरी देताना बाई-पुरुष असा दर वेगळा ठेवण्याची सबब उरली नाही.

आता मंडनाचा मुख्य मुद्दा. अमेरिकेत 1935 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या प्रशासनाने लक्षावधी बेकारांना सरकारी कामे दिली, रस्ते-इमारती उभारल्या आणि 1943 मध्ये तो कारभार गुंडाळला. तो गुंडाळता आला, कारण ती सरकारची मेहेरबानी होती, कोणाचाही हक्क नव्हता. आमच्या कायद्याने उलट केले : गावकऱ्याने काम मागावे, सरकारने पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा. मूळचा भत्ता रोजचा अवघा रुपया, आणि तोही क्वचितच कोणाच्या हाती पडला. पण त्या रुपयाने सरकारला प्रथमच कोणा अशिक्षिताचे देणेकरी केले. म्हणूनच 1988 मध्ये किमान मजुरी दुप्पट झाल्यावर कायदा रद्द झाला नाही, केवळ कामे उघडणे मंदावले. हमीचा गळा असाच, आवाज न करता, आवळला जातो. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत त्याचे एक कारण येथे शोधावे.

आणि ह्या आवळण्याची गाठ कोठे आहे हे पाहावयाचे असेल, तर कामाची मागणी घेऊन जाणाऱ्या बाईबरोबर कचेरीत जावे. अर्ज ठेवून घेण्यास तेथे कोणाची हरकत नसते. तारीख घातलेली पोच मागितली की मात्र साहेब दौऱ्यावर असतात, शिक्का कुलपात असतो, उद्या या म्हणतात. त्या चिठोऱ्यावरच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजले जातात, हे कारकुनाला पक्के ठाऊक असते; आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिलेल्या त्या बाईलाही.