आवाज ही अमानत आहे

गेल्या महिन्यात आमच्या अंधेरीच्या घरी कपाट आवरताना एक जुनी कॅसेट सापडली. खालाच्या लग्नात मांडवात टेपरेकॉर्डर ठेवून कुणीतरी भरलेली. तिच्यात मरहूम नानींचा आवाज आहे. रुखसतीच्या वेळी त्या खालाला काही सांगत आहेत. पण मागे लाऊडस्पीकरवर मोहम्मद रफींचे गाणे इतक्या जोरात लागले आहे, की नानींचे शब्द बुडून जातात. “गाणे काढून नुसता अम्मीचा आवाज मिळेल का?” खालाने विचारले.

आमच्या भाच्याला हे काम थोडेफार येते. शाळेच्या गॅदरिंगसाठी मुलांना नुसते संगीत हवे असले, की तो गाण्यातून गायकाचा आवाज काढून देतो. जुनी युक्ती त्याने आम्हाला समजावली. स्टिरिओ गाण्यात वाद्ये डाव्या-उजव्या बाजूंना कमीजास्त वाटलेली असतात. गायकाचा आवाज मात्र बहुधा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली, की जे सारखे ते खोडले जाते. गायक जातो, पण मधोमध असलेले ड्रम आणि बेसही जातात.

आमची कॅसेट तर एकाच माईकवर भरलेली, मोनो. दोन्ही बाजू सारख्याच! तिच्यावर ही युक्ती केली आणि हाती काहीच आले नाही. सगळेच खोडले गेले.

मग नवा उपाय. २०१९ मध्ये फ्रान्सच्या डीझर कंपनीने ‘स्प्लीटर’ हा प्रोग्राम सर्वांसाठी मोफत खुला केला. त्याच्यासारखे आता बरेच आहेत. असंख्य गाण्यांवर शिकवून तयार केलेले हे प्रोग्राम माणसाचा आवाज, ड्रम, बेस आणि बाकीची वाद्ये वेगवेगळी करून देतात. मोनोतूनही. अशाच तंत्राने जॉन लेनन यांच्या जुन्या कॅसेटमधून त्यांचा आवाज पियानोपासून सोडवला गेला आणि २०२३ मध्ये बीटल्सचे गाणे पुरे झाले.

आमच्या कॅसेटमधले व्हायोलिन गेले, ढोलक गेला. उरले दोघे: नानी आणि रफीसाहेब. माणूस आणि वाद्य यांतला फरक यंत्राला कळतो, आपले माणूस कोणते ते कळत नाही. तरी गर्दी कमी झाल्यामुळे दोन वाक्ये ऐकू आली. “औषध वेळेवर घे. आणि खत टाकत जा.” खालाने ती चार वेळा लावून ऐकली.

भाचा उत्साहात म्हणाला, “अजून साफ झाला, तर ईदला नानींच्या आवाजात नवी दुआ करून सगळ्यांना पाठवू.” खाला म्हणाली, “जे ती बोललीच नाही, ते तिच्या तोंडी घालू नकोस बेटा.”

ही निव्वळ भावनेची गोष्ट नाही. वेगळा काढलेला स्वच्छ आवाज हाच नकली आवाजाचा कच्चा माल. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने पुन्हा वापरले, तेव्हा घरच्यांची इजाजत घेतल्याचे आणि त्यांना मानधन दिल्याचे सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करण्याला मनाई केली. नामवंत गायक कोर्टात जाऊ शकतो. नानींच्या बाजूने बोलणारे आपणच.

आपल्या घरीही अशा कॅसेट असतील. फिती लवकर खराब होतात, म्हणून आधी जशीच्या तशी नक्कल उतरवून ठेवा. आवाज वेगळा करायचा तो दुसऱ्या प्रतीवर. अनोळखी संकेतस्थळावर घरच्यांचा आवाज चढवू नका. घरच्या संगणकावर चालणारे मोफत प्रोग्राम आहेत. आणि ओळखीच्या आवाजात फोनवर कुणी घाईने पैसे मागितले, तर फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करा.

आम्ही ती दोन वाक्ये खालाच्या मोबाईलमध्ये भरून दिली. मागे रफीसाहेब आहेतच. असू देत. ते त्या दिवशी मांडवात होतेच.